पॅसिव्हनंतरची प्रिपोझिशन कोणाची?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्ट करणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या मुलीने हा प्रश्न विचारला आहे. इंग्रजी पत्रव्यवहार तीच बघते, शिवाय स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मॅडम, शाळेत शिकले की पॅसिव्ह म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप आणि पुढे बाय. पण माझ्या मेलमधलं “पॅक्ड बाय पॉलिबॅग्ज” साहेबांनी खोडून “पॅक्ड इन” केलं. “द गुड्स हॅव बीन पेड” याच्या शेवटी नुसता एक “फॉर” जोडला, त्याच्यापुढे काहीच नाही. “आय वॉज एक्सप्लेन्ड द चेंज” हे तर सगळंच कापलं. गाइडमध्ये बायच्या अपवादांची लांबलचक यादी आहे. ती पाठ करू का?’

यादी पाठ करू नकोस. तिने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं, हे माझं इतकी वर्षं शिकवून झालेलं ठाम मत आहे. ती यादी असं धरून चालते की बाय हा नियम आणि बाकीच्या प्रिपोझिशन म्हणजे त्याला पडलेले अपवाद. खरं म्हणजे पॅसिव्हला मुळात एकही प्रिपोझिशन लागत नाही. ‘द लॉक वॉज ब्रोकन.’ कुलूप तोडलेलं होतं, वाक्य संपलं. ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड.’ हेही पुरं वाक्य आहे. यांच्यापुढे काही आलंच, तर ते पॅसिव्हने मागितलं म्हणून येत नाही, दुसऱ्या कोणाला तरी ते हवं असतं म्हणून येतं. कधी ती प्रिपोझिशन पुढच्या नामाची असते: ते नाम म्हणजे काम करणारा माणूस आहे, साधन आहे, जागा आहे की मुदत, हे ती सांगते. कधी ती क्रियापदाची असते, साध्या अ‍ॅक्टिव्ह वाक्यातही ते क्रियापद तिला सोबत घेऊनच यायचं. तेव्हा दर वेळी एवढंच विचारायचं, ही प्रिपोझिशन कोणाची?

बाय डोक्यात एवढा घट्ट बसला तो ‘चेंज द व्हॉइस’मुळे. परीक्षेतल्या वाक्यात कर्ता दिलेला असतो, तो कुठेतरी ठेवणं भाग असतं, म्हणून दर वेळी शेवटी बाय लागतो. व्यवहारात मात्र पॅसिव्ह वापरतात तेच मुळी कर्ता माहीत नसतो म्हणून, किंवा तो सांगायची गरज नसते म्हणून. आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्याबद्दल, इंग्रजीत लिहायचं तर आपण लिहू: ‘दे वेअर सेन्टेन्स्ड टू डेथ अँड हँग्ड इन येरवडा जेल ऑन 12 जॅन्युअरी 1931.’ एका वाक्यात दोन पॅसिव्ह आहेत आणि बाय एकही नाही. टू हा ‘सेन्टेन्स’ या क्रियापदाचा आहे, शिक्षा कोणती ते तो सांगतो. इन जागेचा, ऑन तारखेचा. वाचणाऱ्याला काहीही कमी वाटत नाही.

आता तुझ्या पॉलिबॅगकडे येऊ, कारण ही चूक आपल्या मराठीतून आलेली आहे. आपला ‘ने’ फार कामं करतो. विणकराने चादर विणली, कात्रीने धागा कापला, ट्रकने माल पाठवला, प्लॅस्टिकने खोका झाकला. माणूस, हत्यार, वाहन, आवरण, सगळ्यांना एकच ‘ने’ चालतो. इंग्रजीत यांची वाटणी झालेली आहे. करणारा असेल तर बाय. त्याने हातात घेतलेलं हत्यार किंवा वापरलेली वस्तू असेल तर विथ. दगडाच्या उदाहरणात हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. ‘ही वॉज हिट बाय अ स्टोन’ म्हणजे दगड कुठूनतरी येऊन लागला, मारणारा कोणी असेलच असं नाही. ‘ही वॉज हिट विथ अ स्टोन’ म्हटलं की दगड उचलून मारणारा माणूस वाक्यात नसला तरी डोळ्यांपुढे उभा राहतो. पोलिसात तक्रार लिहिताना हा फरक लहान नाही.

‘पॅक’ हे एकच क्रियापद घेऊन बघ. ‘द टॉवेल्स आर पॅक्ड बाय अवर वर्कर्स.’ पॅक करणारी माणसं, म्हणून बाय. ‘द टॉवेल्स आर पॅक्ड इन पॉलिबॅग्ज.’ टॉवेल ज्यात गेले ती पिशवी, म्हणून इन. ‘द कार्टन्स आर पॅक्ड विथ टॉवेल्स.’ इथे खोका सब्जेक्ट झाला आणि त्यात भरलेला माल विथने आला. ‘द टॉवेल्स आर पॅक्ड फॉर एक्सपोर्ट.’ हेतू सांगायचा आहे, म्हणून फॉर. ‘द टॉवेल्स आर पॅक्ड बाय हँड.’ इथे पुन्हा बाय, पण हा करणाऱ्याचा नाही, पद्धतीचा आहे, म्हणूनच ‘हँड’च्या आधी ना ‘अ’ ना ‘द’. तू लिहिलेल्या ‘पॅक्ड बाय पॉलिबॅग्ज’चा अर्थ मात्र असा होतो की पॉलिबॅगांनी स्वतःच टॉवेल पॅक केले. साहेबांनी खोडलं ते बरोबरच खोडलं.

सोलापुरी चादरीचं वर्णन एका ओळीत करायला सांगितलं तर मी माझ्या मुलांकडून हे वाक्य करून घेते: ‘द चादर इज वोव्हन फ्रॉम कॉटन यार्न ऑन अ जॅकार्ड लूम बाय स्किल्ड वीव्हर्स इन सोलापूर.’ विणण्याचं क्रियापद एकच, मागे फ्रॉम, ऑन, बाय, इन अशा चार प्रिपोझिशन. सूत कशाचं, माग कोणता, हात कोणाचे, गाव कुठलं, प्रत्येकीचं काम वेगळं. यातली एकही पाठ करावी लागत नाही, प्रत्येक नाम त्या वाक्यात कशासाठी आलंय ते कळलं की पुरे. ‘मेड’चंही असंच. वस्तूत मूळ माल अजून दिसतो, तेव्हा ‘मेड ऑफ’: द टॉवेल इज मेड ऑफ कॉटन. मूळ मालाचं रूपच बदललं, तर ‘मेड फ्रॉम’: जॅगरी इज मेड फ्रॉम शुगरकेन. हा नियम दगडावरची रेघ नाही, कपड्यांच्या बाबतीत ‘मेड फ्रॉम कॉटन’ असंही सर्रास लिहितात. पण परीक्षेत गूळ आणि ऊस आले तर फ्रॉमच.

बायची इतर कामंही तुझ्या ऑफिसात रोज लागतात आणि तिथे चूक झाली तर पैशात भरावी लागते. ‘द रेट वॉज रिड्यूस्ड बाय टेन रुपीज’ म्हणजे दर दहा रुपयांनी उतरला. ‘रिड्यूस्ड टू टेन रुपीज’ म्हणजे दर दहा रुपयांवर आला. बोलताना मराठीत आपण ‘दहाने’ आणि ‘दहावर’ कधी चुकवत नाही, इंग्रजीत लिहिताना मात्र घाईत हमखास चुकतं. ‘द गुड्स विल बी डिस्पॅच्ड बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत, त्याआधी निघाले तरी चालेल. ‘ऑन फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारीच. ‘सेंट बाय ट्रक’ बरोबर, पण ट्रक कोणाचा हे सांगितलं की बाय सुटतो: ‘सेंट इन अवर ट्रक’. आणि खोका ‘कव्हर्ड विथ प्लॅस्टिक’ असतो, पण माल ‘कव्हर्ड बाय इन्शुरन्स’ असतो. प्लॅस्टिक वर पसरलेलं असतं, इन्शुरन्स मात्र मालाला संरक्षण देतो, म्हणून इंग्रजी त्याला करणाऱ्याची जागा देते.

आता त्या लोंबकळणाऱ्या ‘फॉर’बद्दल. या सगळ्या विषयात मराठी माणसाला सर्वात अवघड जातं ते हेच, आणि का जातं ते आधी समजून घे. आपल्याकडे ‘कडे’, ‘साठी’, ‘मागे’, ‘वर’ हे शब्द नामाला चिकटून येतात: माझ्याकडे, घरावर, टॉवेलसाठी. नाम काढून घेतलं की त्यांना उभं राहायला जागाच नसते. त्यामुळे वाक्याच्या शेवटी एकटाच फॉर किंवा आफ्टर दिसला की आपल्याला वाक्य अर्धवट वाटतं आणि हात आपोआप तो खोडतो. त्यात आणखी एक भर आहे. इंग्रजीत जिथे क्रियापद आणि प्रिपोझिशन अशी जोडी असते, तिथे मराठीत पुष्कळदा एकच क्रियापद असतं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणं. ‘लाफ अ‍ॅट’ म्हणजे हसणं, आणि कोणाला हसलो ते आपल्या ‘ला’मध्ये येतं. डोक्यातल्या वाक्यात आफ्टर, इन्टू, अ‍ॅट मुळातच नाहीत, मग कागदावर ते गळतात यात नवल नाही.

इंग्रजीत ही जोडी तुटत नाही. ‘द नर्स लुक्ड आफ्टर द पेशंट.’ इथे आफ्टर नर्सचा नाही, पेशंटचाही नाही, तो ‘लुक’चा आहे. पेशंट उचलून वाक्याच्या तोंडाशी नेला तरी आफ्टर क्रियापदाजवळच राहतो: ‘द पेशंट वॉज लुक्ड आफ्टर बाय द नर्स.’ आफ्टर आणि बाय शेजारी शेजारी आले म्हणून घाबरायचं नाही. आफ्टर क्रियापदाचा, बाय नर्सचा, दोघांचे मालक वेगळे. ‘एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट हिम’चं ‘ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय एव्हरीवन’. मुलं इथे अ‍ॅट गाळून ‘ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीवन’ लिहितात आणि गुण जातात. ‘लाफ’ला स्वतःचा ऑब्जेक्ट घेता येत नाही, त्याला तो अ‍ॅटच मिळवून देतो. अ‍ॅट गेला की पॅसिव्ह करण्याचा आधारच गेला. म्हणून सवय एकच लावून घे: आधी अ‍ॅक्टिव्ह वाक्य मनात म्हणायचं, आणि त्यात क्रियापदाच्या मागे जे होतं ते सगळं तिसऱ्या रूपाच्या मागे जसंच्या तसं ठेवायचं. ‘टेक केअर ऑफ’ असेल तर ‘वॉज टेकन केअर ऑफ’. ‘डू अवे विथ’ असेल तर ‘द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ’. ‘मेक फन ऑफ’ असेल तर ‘ही वॉज मेड फन ऑफ’. शब्द कितीही असोत, तो एक गठ्ठा आहे.

‘पे’च्या बाबतीत तर दोन्ही रूपं चालतात आणि अर्थ वेगळा होतो, म्हणून ते नीट बघ. पैसे माणसाला देतात किंवा बिल भरतात तेव्हा ‘पे’च्या मागे काही नसतं: ‘वुई पेड द वर्कर्स’, ‘वुई पेड द बिल’. म्हणून ‘द वर्कर्स हॅव बीन पेड’, ‘द बिल हॅज बीन पेड’. पण वस्तूचे पैसे देतात तेव्हा ‘पे फॉर’: ‘दे पेड फॉर द गुड्स’. म्हणून ‘द गुड्स हॅव बीन पेड फॉर’. तू फॉर गाळलास तेव्हा मालालाच पगार मिळाला असा अर्थ झाला. हाच हिशेब ‘आस्क’चा. ‘वुई वेअर आस्क्ड’ म्हणजे आम्हाला विचारलं, ‘सॅम्पल्स वेअर आस्क्ड फॉर’ म्हणजे नमुने मागितले. ग्राहकाची तक्रार आली की ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टू’ असं लिही. इन्टू विसरलीस तर तक्रारीकडे नुसतं बघतोय असंही धड होत नाही, ते वाक्यच राहत नाही.

मात्र प्रत्येक जोडीचा पॅसिव्ह होत नाही, हे गाइडं सांगत नाहीत. ‘अ डिसिजन वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट’ उत्तम इंग्रजी आहे, कारण निर्णयाला पोहोचणं म्हणजे निर्णय घेणंच, त्यात निर्णयाचं काहीतरी होतं. पण ‘सोलापूर स्टेशन वॉज अराइव्ह्ड अ‍ॅट’ असं कोणी म्हणत नाही. आपण गाडीतून उतरल्याने स्टेशनचं काहीच बदलत नाही. क्रियेचा परिणाम ज्याच्यावर होतो, त्यालाच इंग्रजी सब्जेक्टच्या जागी बसवायला तयार होते. आणि ‘हॅपन’, ‘अकर’, ‘कन्सिस्ट’ यांना पॅसिव्ह नाहीच. पॅकिंग लिस्टमध्ये ‘ईच सेट इज कन्सिस्टेड ऑफ थ्री टॉवेल्स’ असं ठिकठिकाणी दिसतं, ते ‘कन्सिस्ट्स ऑफ’ करून टाक.

क्रियापदाच्याच मालकीचा आणखी एक प्रकार आहे, त्यात क्रियापदाला ऑब्जेक्टही लागतो आणि पुढे ठरलेली प्रिपोझिशनही. ‘अक्यूज समवन ऑफ समथिंग’, ‘चार्ज समवन विथ’, ‘डिप्राइव्ह समवन ऑफ’, ‘प्रिव्हेंट समवन फ्रॉम’, ‘नेम समथिंग आफ्टर’. पॅसिव्ह झाल्यावर ऑब्जेक्ट पुढे जातो, प्रिपोझिशन जागची हलत नाही: ‘द युनिव्हर्सिटी इज नेम्ड आफ्टर अहिल्यादेवी होळकर.’ यात ‘सप्लाय’ लक्ष देऊन शिकण्यासारखा आहे. भीमेवरच्या उजनी धरणातून आपल्या शहराला पाणी येतं. सब्जेक्ट शहर असेल तर ‘सोलापूर इज सप्लाइड विथ वॉटर फ्रॉम उजनी’. सब्जेक्ट पाणी असेल तर ‘वॉटर इज सप्लाइड टू सोलापूर फ्रॉम उजनी’. ज्याला मिळतं तो पुढे आला की वस्तू विथने येते, वस्तू पुढे आली की मिळवणारा टूने येतो. ‘प्रोव्हाइड’ बहुतेक असाच चालतो. ट्रकचंही तेच: ‘द ट्रक इज लोडेड विथ कार्टन्स’, ‘द कार्टन्स आर लोडेड ऑन्टू द ट्रक’.

उरली ती गाइडमधली यादी: नोन टू, इंटरेस्टेड इन, सरप्राइझ्ड अ‍ॅट, सॅटिस्फाइड विथ, मॅरिड टू. यातल्या बहुतेकांना मी पॅसिव्ह म्हणून शिकवतच नाही. ही तिसरी रूपं विशेषणं झालेली आहेत, ती घटना सांगत नाहीत, स्थिती सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे, आधी ‘व्हेरी’ लावून बघायचं. ‘व्हेरी इंटरेस्टेड’ चालतं, ‘व्हेरी डिस्पॅच्ड’ चालत नाही. व्हेरी चाललं की ते विशेषण, आणि विशेषणाची प्रिपोझिशन त्याच्यासोबतच शिकायची, जसं आपण ‘अफ्रेड ऑफ’ किंवा ‘गुड अ‍ॅट’ शिकतो. ही खूण सगळीकडे लागू पडत नाही, ‘मॅरिड’ला व्हेरी लागत नाही, पण दहातल्या आठ जागी ती काम करते. काही शब्द दोन्ही बाजूंना असतात आणि प्रिपोझिशनच सांगते की कुठल्या बाजूला आहोत. ‘शी वॉज फ्रायटन्ड बाय अ डॉग’ म्हणजे कुत्रं अंगावर आलं आणि ती घाबरली. ‘शी इज फ्रायटन्ड ऑफ डॉग्ज’ म्हणजे तिला कुत्र्यांची कायमचीच भीती आहे.

यासाठी मी आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची माहिती इंग्रजीत लिहायला देते, कारण त्यांच्या आयुष्यात ही सगळी रूपं आपोआप येतात. ‘ही वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910. ही वॉज सेंट टू चायना अ‍ॅज पार्ट ऑफ अ मेडिकल मिशन इन 1938. ही वॉज मॅरिड टू ग्वो चिंगलान, अ नर्स. ही इज नोन इन चायना अ‍ॅज के दिहुआ. ही इज रिमेम्बर्ड फॉर हिज सर्व्हिस.’ ‘मॅरिड विथ’ हे आपल्या ‘तिच्याशी लग्न केलं’मधल्या ‘शी’मधून येतं, ते टाळायचं. आणि ‘नोन’च्या मागे टू, फॉर, अ‍ॅज, बाय हे चारही येतात. ज्याला माहीत आहे तो टूने येतो, कशासाठी प्रसिद्ध ते फॉरने, कुठल्या नावाने ओळखतात ते अ‍ॅजने, आणि कशावरून ओळखतात ते बायने. सोलापूर इज नोन फॉर इट्स चादर्स, हे तर तू झोपेतही लिहिशील.

आणखी एक गोष्ट, तुझ्या मेलमध्ये पॅसिव्ह गरजेपेक्षा जास्त दिसतात. ‘द सॅम्पल वॉज चेक्ड बाय मी’, ‘द इनव्हॉइस वॉज मेड बाय मी’. ‘मी सॅम्पल तपासलं’ यात मराठीत क्रियापद सॅम्पलच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, आणि शाळेत कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं शिकवलेलं असतं. इंग्रजीत याचं साधं रूप ‘आय चेक्ड द सॅम्पल’ हेच. ‘माझ्याकडून सॅम्पल तपासलं गेलं’ असं आपण मराठीत बोललो असतो, तरच पॅसिव्ह करायचा. ‘बाय मी’ लिहायला हात गेला की थांबून अ‍ॅक्टिव्ह करून बघ, बहुतेक वेळा तेच बरं वाचलं जातं.

राहिला ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द चेंज’. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टेल’, ‘ऑफर’ ही क्रियापदं माणसाला थेट ऑब्जेक्ट म्हणून घेतात: ‘दे टोल्ड मी’, ‘दे सेंट मी अ सॅम्पल’. म्हणून ‘आय वॉज टोल्ड’, ‘आय वॉज सेंट अ सॅम्पल’ बरोबर. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘से’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’ ही माणसाला थेट घेत नाहीत, त्यांना मध्ये टू लागतोच: ‘दे एक्सप्लेन्ड द चेंज टू मी’. ऑब्जेक्ट इथे ‘चेंज’ आहे, ‘मी’ नाही, तेव्हा पुढे जाण्याचा हक्कही चेंजचाच: ‘द चेंज वॉज एक्सप्लेन्ड टू मी’. तसंच ‘आय वॉज सजेस्टेड अ न्यू डिझाइन’ नाही, ‘अ न्यू डिझाइन वॉज सजेस्टेड टू मी’. स्वतःला पुढे ठेवूनच लिहायचं असेल तर क्रियापद बदल. ‘इन्फॉर्म’ माणसाला थेट घेतं आणि बातमी ऑफने किंवा अबाउटने जोडतं, म्हणून ‘वुई वेअर इन्फॉर्म्ड ऑफ द चेंज ऑन मंडे’ असं लिहिलंस तर कोणी खोडणार नाही.